युद्धनौकेसाठी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग पुरवताय? या चुका टाळा

नवी मुंबई-ठाण्यातल्या रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधल्या लहान युनिटांना आता नौदलाच्या सुट्या भागांची कामं खुणावतात. माझगाव डॉकने बांधलेल्या विनाशिका, १९९७ची ‘दिल्ली’ असो की २०२५ची ‘सुरत’, दशकानुदशकं सेवेत राहण्यासाठी असतात. त्यांच्या सर्किट बोर्डांवरच्या आयसींचं, म्हणजे चिपचं, उत्पादन मात्र कितीतरी आधी बंद होतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

कंपनीने पार्ट बंद केला की खुल्या बाजारात मिळेल तो उचलायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भंगारातल्या बोर्डांवरून काढलेले आयसी घासून, वर काळा थर देऊन, नवी तारीख छापून विकले जातात. अमेरिकी सिनेटच्या समितीला २०१२च्या अहवालात अशी सुमारे १,८०० संशयित प्रकरणं आढळली. पार्टांची संख्या दहा लाखांवर होती. म्हणून माल आला की आधी भिंग घ्या. पहिल्या पिनेजवळचा गोल खळगा बुजल्यासारखा दिसतो का? एकाच लॉटमध्ये दोन प्रकारचा पृष्ठभाग आहे का? पायांवर जुन्या सोल्डरच्या खुणा आहेत का? ॲसिटोनचा बोळा छपाईवरून फिरवा. रंग सुटला तर लॉट बाजूला काढा. रंग नाही सुटला म्हणून माल अस्सल ठरत नाही. एक्स-रे तपासणी आणि निर्मात्यापासून तुमच्यापर्यंतची अखंड कागदपत्रं हवीतच.

आपल्याकडचा दुसरा शत्रू म्हणजे जुलैची हवा. आयसी ओलाव्याला किती नाजूक, याच्या पातळ्या असतात; तिसऱ्या पातळीचा आयसी सीलबंद पाकिटातून काढल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत सोल्डर करण्याआधी १६८ तासच उघडा ठेवता येतो. पावसाळ्यात एसी नसलेल्या शेडमध्ये एवढा वेळ मिळत नाही. आत शिरलेल्या ओलाव्याची रिफ्लोच्या (भट्टीत सोल्डर वितळवण्याच्या) उष्णतेत वाफ होते आणि आयसी आतून तडकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, चाचणीतही तो पास होऊ शकतो; बंद पडतो समुद्रावर. पाकीट उघडल्याची वेळ त्यावरच लिहा. पाकिटातल्या आर्द्रता दाखवणाऱ्या कार्डाचा रंग बदलला असेल तर निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला बेक करूनच वापरा. उरलेला माल व्हॅक्यूम सील करा, स्टेपलर मारून ठेवू नका.

कनेक्टरची ऑर्डर देताना पार्ट नंबरातलं एकेक अक्षर वाचा. ३८९९९ या लष्करी गोल कनेक्टरांच्या मालिकेत एक अक्षर मुलामा सांगतं, शेवटचं खाचेची जागा. शेवटचं चुकलं तर प्लग बसणारच नाही. मुलाम्याचं चुकलं तर प्लग बसेल, पण खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना खातील. ‘व्हॅल्यू तीच आहे’ म्हणून लेखी मंजुरीशिवाय पर्यायी पार्ट तर अजिबात लावू नका.

गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नका. रेझिस्टर लावून हळूहळू चढवा, गळतीचा करंट मोजा.

आणि पार्ट शोधायला बोर्डाचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ड्रॉइंग असो की बोर्ड, ती नौदलाची माहिती आहे. विचारायचंच असेल तर फक्त निर्मात्याचा पार्ट नंबर द्या, जहाजाचं नाव न घेता.