धड्यात कला आणताय? मग या चुका टाळा

जलचक्राचा धडा संपवायचा आणि उरलेल्या दहा मिनिटांत ‘आता चित्र काढा’ म्हणायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मुलं पुस्तकात बघून ढग, डोंगर, बाण उतरवतात, रंगही छान भरतात. पण बाष्पीभवन अजिबात कळलेलं नसलं तरी ते चित्र जमतं, आणि घोळ तिथेच आहे. उपक्रम ठरवताना स्वतःला विचारा: धडा न समजता हे काम पूर्ण होईल का? होणार असेल तर ती सजावट झाली. त्यापेक्षा पुस्तक मिटायला सांगा आणि पाण्याच्या एका थेंबाची चार चौकटींची चित्रकथा काढून घ्या. दुसऱ्या चौकटीतून तिसरीत जाताना मूल अडलं, की त्याला नेमकं काय कळलेलं नाही ते तुमच्यासमोर कागदावर येतं.

टाळ्या शिक्षकांच्या, नक्कल मुलांची

गणितात ताल आणायचा म्हणून शिक्षक टाळ्या वाजवतात, मुलं मागोमाग वाजवतात. वर्ग खुश होतो, गणित मात्र जागेवरच राहतं.

लसाविसाठी हे करून बघा. सगळ्यांनी मिळून एकसारख्या मात्रा मोजायच्या. एक गट दर ३ मात्रांनी टाळी देईल, दुसरा दर ४ मात्रांनी. पहिली टाळी दोघांची एकत्र. पुन्हा एकत्र कधी येईल, हे वाजवण्याआधी वहीत लिहायला लावा. १२ मात्रांनंतर, म्हणजे तेराव्या मात्रेवर, दोन्ही टाळ्या भेटतात. मग ४ आणि ६ द्या. गुणाकार करून मोकळी होणारी मुलं २४ लिहितील, आणि टाळ्या पुन्हा १२ नंतरच जुळतील. इथे गडबडीने उत्तर सांगून टाकू नका. ‘२४ का नाही?’ यावर मुलांना आपसात वाद घालू द्या, कारण त्या दिवसाचा धडा खरं तर तोच आहे.

मोजणी वारंवार चुकत असेल तर फळ्यावर १ ते २४ आकडे लिहून एका मुलाला बोट फिरवायला उभं करा. वेग हमखास वाढत जातो, तो आवरायचं कामही त्याचंच.

‘आमच्याकडे जागाच नाही’

शहरी शाळांची ही अडचण खरी आहे: गच्च भरलेला वर्ग, हलत नाहीत असे बाक, भिंतीपलीकडे दुसरा तास. पण म्हणून सगळं स्नेहसंमेलनावर ढकलायचं कारण नाही. टाळीऐवजी तळहातावर दोन बोटं वाजवली तरी ताल कळतो. नाट्यीकरणाला रंगमंच लागत नाही, बाकावर बसल्या बसल्या दोघांचा संवाद होतो. पूर्ण वर्ग एकदम उठवला तर मात्र गोंधळ ठरलेलाच.

चित्र दाखवून ‘कसं वाटतंय?’ विचारणं

उत्तर येतं ‘छान’, आणि गप्पा संपतात. अ‍ॅबिगेल हाऊसेन आणि फिलिप येनावाइन या अमेरिकी कलाशिक्षण अभ्यासकांच्या पद्धतीत तीनच प्रश्न असतात: चित्रात काय चाललंय? तू कशावरून म्हणतोस? आणखी काय सापडतंय? यातला दुसरा गाळू नका, कारण पुरावा देण्याची सवय त्यानेच लागते. घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं एका वर्गात असतील तर ही पद्धत फार उपयोगी पडते, कारण शब्द अडला तरी बोट दाखवता येतं.

सुबकपणाला गुण

मग प्रकल्प पालक करून देतात, दुसरं काय होणार! विषय किती समजला याचे गुण वेगळे ठेवा, काम वर्गातच करून घ्या, आणि वेड्यावाकड्या चित्राबद्दल मूल काय सांगतं ते ऐका.

‘कलेने गुण वाढतील’ असं आश्वासन देणं

हे पालकसभेत बोलायला सोपं, निभावायला अवघड. ‘मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते’ हा समज १९९३ च्या ज्या प्रयोगावरून पसरला, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि त्यात दिसलेला परिणाम काही मिनिटंच टिकला होता. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांमधल्या दहा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक कला संस्थांच्या मदतीने जिथे कलाशिक्षण वाढवलं, तिथे शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, लेखनाचे गुण सुधारले आणि इतरांबद्दलची कणवही वाढली. गणित आणि वाचनाच्या गुणांत मात्र ठळक फरक दिसला नाही. मुख्याध्यापकांना एवढंच सांगा, तेही काही कमी नाही.

तुमच्या वर्गात फरक पडतोय का, हे बघायला मोठी परीक्षा नको. पंधरा दिवसांनी, आधी न सांगता, तोच प्रश्न शब्द बदलून विचारा. मुलांना टाळ्या आठवत असतील आणि २४ का नाही हे सांगता येत नसेल, तर पुढच्या वेळी वाजवणं कमी करून वादाला जास्त वेळ द्या.