गाडीतून उतरायचं इंग्लिशमध्ये कसं सांगायचं

आपण सर्रास 'गेट डाउन' म्हणतो, आपल्याकडे चालतं पण बाहेरच्या लोकांना ते खाली वाका असं वाटू शकतं, म्हणून ट्रेन, बस, विमान, बोट सगळ्याला 'गेट ऑफ' म्हणा, फक्त कार नि टॅक्सीला 'गेट आउट ऑफ'. हे एवढं पाठ केलंत तरी प्रवास निभतो बघा. 'डिसएम्बार्क' मुळात जहाजाचा शब्द, आता विमानातही ऐकू येतो. 'डीप्लेन' फक्त विमानाला. 'डीट्रेन' पण आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही, सोडून द्या. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, 'अलाइट हिअर फॉर...' असं ऐकलं तर घाबरू नका, त्या ठिकाणासाठी इथेच उतरा एवढंच. बोटीतून किनाऱ्यावर जायचं तर 'गो अशोर'.