शेफच्या हॉटेलात जेवायला जाताना

शेफने स्वतः काढलेल्या छोट्या हॉटेलात जायचं तर मंगळवार किंवा बुधवार धरा. शनिवारी रात्री जाऊ नका, बायकोचा वाढदिवस असला तरी. वाढदिवस रविवारी दुपारी साजरा करा, केक घरी कापा. शनिवारी शेफ पासवर, म्हणजे किचनमधून ताटं बाहेर जातात त्या कट्ट्यावर, उभा राहून केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, वाचत असतो आणि प्रत्येक ताट पुसून बाहेर सोडत असतो. तुमच्याकडे मान वर करून बघायलाही त्याला फुरसत नसते. अशी बरीच हॉटेलं सोमवारी बंद असतात. मंगळवारी किचन ताजंतवानं असतं, गर्दी बेताची असते आणि शेफ दोन शब्द बोलतोही.

माझी सगळी नोकरी फोर्टातल्या हॉटेलांत कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, म्हणून झाली. आता माहीमला राहतो आणि गुडघे कुरकुरतात, त्यामुळे चालत जाता येईल तिथेच जेवतो. सुदैवाने आजकाल चालण्याच्या अंतरावरही चांगल्या शेफनी काढलेली छोटी हॉटेलं सापडतात. दहा-बारा टेबलं, काचेपलीकडे किचन, आणि गल्ल्यावर बहुधा शेफची बायको किंवा भाऊ. याची हवा मोठ्या जागांनी केली. लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २०१५ साली ‘बॉम्बे कँटीन’ हे रेस्टॉरंट सुरू झालं. त्यामागचे शेफ फ्लॉइड कार्डोझ मुंबईचेच. न्यूयॉर्कच्या ‘तबला’ रेस्टॉरंटात त्यांनी नाव काढलं आणि २०२० च्या मार्चमध्ये कोविडने ते गेले. आपल्या बाजारातल्या भाज्या आणि मासे मोठ्या ताटात मानाने बसवायचे, ही त्यांची रीत पुढच्या पुष्कळांनी उचलली. गल्लीतल्या हॉटेलात तुम्ही पैसे मोजता ते त्या रीतीचे आणि त्या हाताचे. तो हात मोकळा राहील असं वागायचं, बाकी सगळं त्यातून येतं.

बुकिंग फोनवर करा. ॲपवरही होतं, पण फोनवर चार गोष्टी सांगता येतात: कोणाला शेंगदाणा किंवा कोलंबी चालत नाही, कोणाचा श्रावण आहे, आजी सोबत आहे आणि तिला पायऱ्या जमत नाहीत. आयत्या वेळी ‘जैन करून द्या’ म्हटलं तर कांदा-लसूण आधीच पडलेलं असतं. दुपारी कळलं तर शेफ काहीतरी वेगळं बाजूला काढतो, आणि कधीकधी ते मेन्यूतल्यापेक्षा सरस निघतं.

वेळ सव्वासात-साडेसातची घ्या. आपल्याकडे साडेसातला जेवायचं म्हटलं की भावजी हसतात, हसू द्या. साडेआठला सगळी टेबलं एकदम बसतात. छोट्या किचनमध्ये चार माणसं, एक फ्रायर आणि मोजके बर्नर. आठ केओटी एकत्र लागले की तुमचं ताट रांगेत उभं राहणार, आणि त्यात शेफचा दोष नाही.

मेन्यू एका पानात मावत असेल तर खूश व्हा. वेटरला ‘काय चांगलं आहे?’ असं विचारू नका. सगळंच चांगलं आहे असं सांगायलाच त्याला शिकवलेलं असतं, मीही पोरांना तेच शिकवायचो. विचारायचं ते असं: ‘दादा, आज सकाळी मासा कुठला आला?’ नेमकं उत्तर आलं तर तेच मागवा. तो आत विचारून आला तरी चालेल. ‘सगळं फ्रेश आहे, सर’ असं आलं तर सरळ भाजीकडे वळा.

जून-जुलैत तर हे विचाराच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठी सुरमई दिसली तर ती बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची असणार. दुसऱ्या किनाऱ्यावरची वाईट नसते, पण पैसे देण्याआधी माहीत असावं. अशा वेळी जाणता शेफ खाडीतल्या चिंबोऱ्या, तिसऱ्या किंवा सुकट-सोड्याचं काही करतो. ते घ्या.

बोंबील मिळाला तर एक काळजी. या माशात पाणीच पाणी. तो मधून चिरून, उघडून, वजनाखाली दाबून ठेवतात, पाणी निथळलं की मीठ-मसाला लावून रव्यात घोळवून तळतात. कढईतून निघाल्यावर पहिली काही मिनिटं कड कुरकुरीत आणि आत अगदी लोण्यासारखा. मग आतली वाफ बाहेर येऊन कवच ओलं करते आणि तो मान टाकतो. म्हणून ताट आलं की फोन खाली. फार तर एक फोटो. बाहेर सिगारेट ओढायला गेलेल्याची वाट पाहू नका, त्याच्या वाटणीचा उचला.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. चौघे असाल तर आधी तीन छोट्या डिश, त्या संपत आल्या की मेन कोर्स आणि तेव्हाच घावन किंवा रोटी. आधी सांगितलेली रोटी टेबलावर पडून चिवट होते आणि मग लोक तंदूरला शिव्या देतात. तिखट कमी हवं असेल तर तळलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थात ते जमतं. वाटपात मिरची आधीच वाटलेली असते, तिथे जमत नाही. त्यापेक्षा सोलकढी मागवा. पाण्याला ‘रेग्युलर’ म्हणा, नाहीतर बाटली उघडली जाते.

काही बिघडलं असेल तर दुसऱ्या घासाला सांगा, हळू आवाजात, कॅप्टनला. मासा कच्चा, केस, आमटी गार, यासाठी ताट बदलून मिळायलाच हवं. ‘आमच्या आईची अशी नसते’ ही तक्रार नव्हे. अर्धं ताट संपवून मग बिलातून काढा म्हणणारे मी फार पाहिले. त्यांचं टेबल पुढच्या वेळी बाथरूमशेजारी लागायचं, आणि तो योगायोग नसायचा.

बिल वाचा. जेवणावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच-अडीच दोन ओळींत. दारूवर जीएसटी नाही, तिचा व्हॅट वेगळा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. लावलेला दिसला तर काढायला सांगा. काढला नाहीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण काढलात तर टीप द्या हो. कार्डावर किंवा क्यूआरवर दिलेली टीप मालकाच्या खात्यातून फिरून येते, कधी येतही नाही. रोख द्या, ज्याने वाढलं त्याच्या हातात. आणि किचनसाठी वेगळी शंभराची नोट द्यायची असेल तर कॅप्टनला तसं स्पष्ट सांगा. भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत टीप क्वचितच पोहोचते.