आभासी दृश्याची तयारी : फलक हेडसेट घालूनच वाचावेत

ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे आभासी दृश्य आम्ही ऐरोलीच्या एका सभागृहात लोकांना दाखवले, तेव्हा पहिल्याच तासात एका आजींनी डोळ्यांवरचा हेडसेट उतरवून विचारले, “बाळा, हे सगळं गुजरातीत का लिहिलंय?” दृश्यातले माहितीचे फलक मराठीतच होते, पण त्यांवरची शिरोरेषा दिसेनाशी झाली होती. दोन महिने चिखल, भरतीचे पाणी आणि पक्ष्यांच्या हालचाली यांवर खपलेल्या आमच्यापैकी एकानेही तो मजकूर हेडसेट घालून शेवटपर्यंत वाचला नव्हता. जे काही वाचले ते लॅपटॉपच्या पडद्यावर. पुढचे दृश्य हाती घेण्यापूर्वी ही यादी म्हणूनच लिहून ठेवत आहे.

पाहणारा बसणार की उभा राहणार, हे सर्वांत आधी ठरवावे. उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेला फलक खुर्चीतल्या शाळकरी मुलाला मान वर करूनच वाचावा लागतो आणि आमच्या दृश्यात तर पाहणारा ज्या होडीत असतो तिच्या काठामागे त्याचा खालचा भाग झाकला जात होता. फलकाची उंची जमिनीपासून न मोजता, दृश्य सुरू होताना पाहणाऱ्याचे डोळे जिथे असतील तिथून मोजावी आणि फलक नजरेच्या किंचित खाली ठेवावा.

हालचालीबाबत तडजोड करू नये. शरीर खुर्चीत स्थिर असताना डोळ्यांना होडी पुढे जाताना दिसली, की कानातला तोल आणि नजर यांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून होडी एका जागी ठेवून पाहणाऱ्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट उडी घेऊ द्यावी आणि वळणे ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांत असावे. सेकंदाला ७२ फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रे) हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला १४ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. पाण्यावरच्या चकाकीपायी तो हिशेब मोडत असेल, तर चकाकी काढून टाकावी.

आता मजकूर. इथे घाई करू नका. निरोगी डोळ्याला नजरेच्या एका अंशात सुमारे ६० पिक्सेलांइतका (पडद्यावरच्या ठिपक्यांइतका) बारकावा कळतो. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये मात्र अंशाला सुमारे २० पिक्सेल मिळतात आणि क्वेस्ट ३ मध्ये सुमारे २५. एक मीटर अंतरावर २४ मिलिमीटरचे अक्षर घ्यावे, हा प्रचलित अंदाज रोमन लिपीला पुरतो. देवनागरीत त्याच उंचीत वरची मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकारही बसवायचा असतो, त्यामुळे मूळ अक्षर लहान होते आणि शिरोरेषेच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल उरतात. मान जरा हलली की ती आडवी रेघ लुकलुकते, तुटते आणि बारीक वळणाच्या फॉन्टमध्ये नाहीशीच होते. ‘पंख’ या शब्दाचा ‘पख’ झालेला मी स्वतः पाहिला आहे, पण प्रदर्शन सुरू झाल्यानंतर. शेवटच्या आठवड्यापर्यंत फलकांवर इंग्रजी नमुना मजकूर होता आणि तो छान वाचता येत होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. खरा मराठी मजकूर पहिल्या दिवसापासून दृश्यात हवा, आणि तो हेडसेट घालून, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला हवा.

मी आता मीटरभर अंतरावर ३५ मिलिमीटरखाली उतरत नाही, दोन मीटरवर त्याच्या दुप्पट घेतो आणि ‘मुक्ता’सारख्या फॉन्टचे ठसठशीत वजन (जाड रेघांचे रूप) वापरतो. फलक अर्ध्या मीटरहून जवळ आणू नये, डोळ्यांवर ताण येतो. असली दृश्ये बनवायच्या युनिटी या सॉफ्टवेअरमधला मजकूर दाखवणारा भाग, टेक्स्टमेशप्रो, देवनागरी अक्षरांची जोडणी आपणहून करत नाही: ‘रोहित’मधली वेलांटी ‘ह’च्या नंतर जाऊन बसते, ‘पक्षी’मध्ये ‘क’चा पाय मोडतो आणि ‘खाऱ्या पाण्यात’मधला अर्धा र पार बिघडतो. एकतर हार्फबझसारखी जोडणी करणारी व्यवस्था वापरावी, नाहीतर मजकुराचे चित्र करून लावावे. मात्र चित्रात नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन आधी उरकावे. लॅपटॉपवर जोडणीतल्या चुका दिसतात, पुसट झालेली शिरोरेषा दिसत नाही. ती हेडसेटमध्येच दिसते.

मजकूर कमीही करावा. २०१५ साली झालेले अभयारण्य, सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र, २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) झालेला समावेश आणि चोच उलटी धरून शेवाळ गाळून खाण्याची रीत, हे सारे आम्ही एकाच फलकावर कोंबले होते. चोच उलटी धरणे पक्षी समोर करून दाखवत असताना ते लिहायचे कशाला? एका फलकावर पंचवीस शब्द पुरेत.

बटणे मीटरभर अंतरावर किमान ६४ मिलिमीटरची, मध्ये मोकळी जागा सोडून. वयस्कर हातात कंट्रोलरचा (हातात धरायच्या उपकरणाचा) बटण निवडणारा किरण थरथरतो. हवेतल्या बटणाला स्पर्श नसतो, म्हणून दाबल्यावर रंग आणि आवाज दोन्ही बदलावेत. बटणांवरची अक्षरेही मजकूरच आहेत, तीही वाचावीत. डोक्याबरोबर फिरणारा फलक नको.

चाचणीसाठी सहकारी नकोत, त्यांना मजकूर पाठ असतो. चष्मा लावणारी, साठीच्या पुढची दोन माणसे बोलवावीत आणि त्यांना काहीही न सांगता फलक वाचायला द्यावेत.

प्रत्यक्ष दिवशी: बॅटरी सुमारे दोन तास चालते, म्हणून चार्जर आणि जादा हेडसेट. पुसायचे कापड. फिरती खुर्ची. क्वेस्टसाठी कंपनीने किमान वय १० वर्षे ठेवले आहे, ते दारावर लिहावे. दार उघडण्यापूर्वी प्रत्येक हेडसेट घालून किनाऱ्यावरचा फलक पूर्ण वाचावा, एकही न वगळता.