उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टरचं मागचं ऑइल तापतंय? पंप बदलण्याआधी हे तपासा

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४४ अंशांवर असतो, काळी रानं वाळून दगड झालेली असतात आणि ट्रॅक्टर दिवसाला आठ-दहा तास पलटी नांगर ओढत असतो. दुपारनंतर लिफ्ट जड उचलायला लागते, सीटखालचं हौसिंग (गिअर आणि ऑइल असलेली लोखंडी पेटी) चटका देतं, ऑइलला करपट वास येतो. अशा वेळी बरेच जण सरळ ऑइल बदलतात, नाहीतर पंप. नव्या ऑइलवर दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. ऑइल आपोआप तापत नाही. कुठेतरी दाब वाया जातोय किंवा काहीतरी घासतंय, आणि ती जागा सापडल्याशिवाय खर्च करू नका.

३५ ते ५० एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक एकाच ऑइलवर चालतात. अनेक मॉडेलमध्ये ऑइल ब्रेकही त्यातच बुडालेले असतात. त्यामुळे ब्रेक अडकला तरी लिफ्ट सुस्त होते आणि दोष पंपाला लागतो.

ऑइलचं तापमान बाहेरच्यापेक्षा ३०-४० अंश जास्त, म्हणजे भर उन्हात ७५-८५ अंश, इथपर्यंत काळजी नको. ९५ च्या पुढे गेलं तर काम थांबवा. टेम्परेचर गन असेल तर रंग दिलेल्या भागावर धरा, कारण चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते. हौसिंगचा खालचा भाग, पंप, फिल्टर आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक हौसिंग, सगळीकडचे आकडे लिहून ठेवा.

आता ऑइलची पातळी. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, लिफ्टचे हात पूर्ण खाली, ट्रॉली जोडलेली असेल तर तीही खाली, आणि दहा मिनिटं थांबून मगच ऑइल मोजायची पट्टी बघा. ट्रॉलीचा जॅक वर असताना कित्येक लिटर ऑइल त्यात गेलेलं असतं. तेव्हा पट्टी बघून वरून भर घातली की ट्रॉली खाली आल्यावर हौसिंग काठोकाठ भरतं. मग गिअर ऑइल घुसळतात, फेस होतो आणि तापमान चढतं. कमी ऑइल जितकं वाईट तितकंच जास्तही.

पातळी बरोबर असेल तर दोन चाचण्या घ्या, दोन्ही सकाळी थंड ट्रॅक्टरवर. पहिली: अवजार काढून, लिफ्टला हात न लावता, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद ठेवून रस्त्यावर २० मिनिटं चालवा. यात मागचा भाग खूप तापला तर ब्रेक किंवा बेअरिंग. दुसरी: ट्रॅक्टर उभा, १५०० आरपीएम, लिफ्ट मधल्या उंचीवर, बाहेरच्या हायड्रोलिकचा (ट्रॉली-नांगराच्या पाइपांचा) लिव्हर न्यूट्रलला. दहा मिनिटांत पाच-सात अंश वाढणं ठीक. २०-२५ अंश वाढलं तर पंप रिकामा न फिरता सतत दाबाखाली चालतोय.

या दुसऱ्या दोषाचा हिशेब समजून घ्या, कारण नांगरटीत तोच जास्त सापडतो. पंप मिनिटाला २० लिटर ऑइल ढकलतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की ऑइल परत सोडणारा) १८० बार दाबाला उघडतो असं धरा. व्हॉल्व्ह उघडा राहिला की ६ किलोवॉट उष्णता, म्हणजे २ किलोवॉटचे तीन गिझर हौसिंगमध्ये सोडल्यासारखं होतं. व्हॉल्व्हमधून जाणारं ऑइल दर फेरीला साधारण दहा अंशांनी तापतं.

व्हॉल्व्ह उघडा राहतो तो बहुतेकदा आपल्याच हाताने. हायड्रोलिक पलटी नांगर उलटला तरी लिव्हर दाबून धरलेला असतो. ट्रॉलीसाठी लिव्हर ट्यूबच्या रबराने बांधलेला असतो आणि तसाच विसरला जातो. लिफ्टचा लिव्हर टोकापर्यंत ओढून ठेवला की सीटखालून बारीक ‘चीं’ असा आवाज येतो, तो रिलीफ व्हॉल्व्हचाच. लिव्हर बोटभर खाली घ्या, आवाज बंद होईल. टोकाशी नेहमीच आवाज येत असेल तर लिव्हरची लिंकेज (जोडदांड्या) सेट करून घ्या. पलटी नांगराला ड्राफ्ट कंट्रोल (ओढीच्या जोरानुसार खोली सांभाळणारा) आणि रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोल (अवजार ठरावीक उंचीवर धरणारा) वापरा.

उचललेलं अवजार दर काही सेकंदांनी खाली-वर उचक्या देत असेल तर बहुधा लिफ्टच्या सिलिंडरचं सील किंवा ओ-रिंग गेलेली असते. गळती भरून काढायला पंप पुन्हापुन्हा दाब देतो. खात्रीसाठी अवजार उचलून इंजिन बंद करा आणि ते किती लवकर बसतं ते लांबून बघा. अवजाराखाली कोणीही जाऊ नये.

पंप भुंग्यासारखा घुमत असेल आणि पट्टीवर फेस असेल तर सक्शनची, म्हणजे पंप ऑइल ओढतो ती, बाजू बघा. गाळणी तुंबलेली असते किंवा सक्शन पाइपच्या ओ-रिंगमधून हवा आत येते. जाळीची गाळणी डिझेलने धुऊन आतून बाहेर हवा मारा. कागदी फिल्टर धुऊ नका, बदला.

ब्रेकसाठी गनचे आकडे पुन्हा काढा. एका बाजूचं हौसिंग दुसऱ्यापेक्षा १५-२० अंशांनी जास्त तापलं तर त्या बाजूचा ब्रेक चिकटतोय. हँडब्रेक पूर्ण सुटतो का आणि दोन्ही पेडलचा मोकळा खेळ सारखा आहे का ते बघा. पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावा, गिअर न्यूट्रलला घ्या, मागचं चाक उचलून ठोकळ्यावर टेकवा आणि हाताने फिरवून बघा. जड फिरतं तिथे दोष.

ऑइल शेवटी. पुस्तिकेतला ग्रेडच घ्या. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरात साधं ९० नंबरचं गिअर ऑइल घातलं तर ब्रेक कुरकुरतात आणि प्लेटा झिजतात. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप दिसला तर घाबरू नका. कपच्या दिसल्या तर गिअर किंवा बेअरिंग तुटतंय, पिवळसर कण दिसले तर बहुधा पंपाचे बुश. तापलेलं ऑइल भाजतं, म्हणून कोमट झाल्यावरच सोडा. हायड्रोलिकची बारीक गळती बोटाने कधीही शोधू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालची चिळकांडी कातडीतून आत शिरते आणि तशी जखम झाली तर तासाभराचाही वेळ न घालवता दवाखाना गाठावा लागतो.

ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. थेंबभर गरम तव्यावर टाका, चरचरलं की नक्की. भंडारा, गोंदिया आणि कोकणात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरांत हे हमखास होतं. असं ऑइल पूर्ण काढा, ब्रीदर (हौसिंगची हवा ये-जा करणारी टोपी) साफ करा, गिअर लिव्हरचं रबर आणि एक्सलची सीलं बघा. ही कामं रोहिणी लागायच्या आत उरकली तर चिखलणीला ट्रॅक्टर अडणार नाही.