कस्टम गेमिंग लॅपटॉप घेताय? रिसेलर निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत किंवा जर्मनीत एमएस करायला गेलेली आपली पोरं दर सेमिस्टरला तोच प्रश्न विचारतात, "दादा, अमक्या साइटवर सेम लॅपटॉप दीडशे डॉलरने स्वस्त दिसतोय, मारू का ऑर्डर?" सेम म्हणजे काय सेम, हे बघितलेलं नसतं. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, फोटोत बॉडीपण तीच, झालं.

आणि बॉडी तीच असते हे खरंच आहे. पंधरा-सोळा इंची कस्टम गेमिंग लॅपटॉप विकणारे बहुतेक जण स्वतः लॅपटॉप बनवतच नाहीत. तैवानची क्लेव्हो आणि चीनची टाँगफाँग ही त्यातली दोन मोठी नावं, ते बेअरबोन बनवतात, म्हणजे बॉडी, मदरबोर्ड, स्क्रीन, पंखे, आणि आजकाल प्रोसेसर आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) बोर्डावर सोल्डर करूनच. रिसेलर त्यात रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी), विंडोज टाकतो, आपला लोगो लावतो आणि विकतो. अमेरिकेत सेगर, जर्मनीत लाइपझिगच्या शेंकरचा एक्सएमजी ब्रँड, इंग्लंडात पीसीस्पेशालिस्ट, कॅनडात युरोकॉम, ऑस्ट्रेलियात मेटाबॉक्स, ही सगळी याच लायनीतली मंडळी. २०१९-२० च्या सुमाराला इंटेलने डिझाइन केलेला आणि टाँगफाँगने बनवलेला एक १५.६ इंची लॅपटॉप एकाच वेळी एक्सएमजी फ्यूजन १५, इलुकट्रॉनिक्स मॅग-१५ आणि मेनगियर एलिमेंट अशा तीन नावांनी बाजारात होता. कापड एकाच गिरणीचं, शिंपी वेगळे. म्हणून इथे लॅपटॉपपेक्षा विकणाऱ्याची चौकशी जास्त करायची, आणि लोक नेमकं उलटं करतात.

सुरुवातीचा आकडा बघून भुलणं

साइटवर मोठ्या अक्षरात जी किंमत असते ती सगळ्यात उघड्यावाघड्या कॉन्फिगची असते. एकच ८ जीबीची रॅम स्टिक, २५६ किंवा ५१२ ची एसएसडी, विंडोज नाही, आणि कधीकधी स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीवाली, म्हणजे रंग असे फिके की लाल टोमॅटो पण आजारी दिसतो. मग तुम्ही एकेक ऑप्शन वाढवत जाता आणि तिथे रिसेलर आपला मार्जिन काढतो. त्यामुळे तुम्हाला जे फायनल हवंय ते, शिपिंग आणि टॅक्स धरून, प्रत्येक साइटच्या कार्टमध्ये टाकून मगच तुलना करा. रॅम-एसएसडी बाहेरून घेऊन स्वतः टाकणार असाल तर त्याने वॉरंटी जात नाही ना हे ईमेलवर विचारून ठेवा, फोनवर नाही. आणि रॅम दोन स्टिकमध्येच घ्या, १६ ची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन, कारण सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच स्टिकवर, बऱ्याच गेम्समध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगलेच कमी होतात आणि मग लोक ग्राफिक्स कार्डला शिव्या घालतात.

जीपीयूचं नाव वाचलं, वॅट वाचलेच नाहीत

ही चूक तर शंभरातले नव्वद करत असतील. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही सेट केलेलं असू शकतं, वर डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्याची पॉवर गरजेप्रमाणे जीपीयूला देणं) थोडे, म्हणून काही ठिकाणी १४० लिहिलेलं दिसतं. नाव एकच, पण कमी वॅटचं आणि फुल वॅटचं यात रात्रंदिवसाचा फरक. रिसेलरच्या पेजवर वॅट लिहिलेले नसतील तर विचारा, आणि उत्तर "इट्स फुल पॉवर सर" असं गोलगोल आलं तर सोडून द्या. अजून एक, ४०६० आणि ४०७० दोन्हींच्या लॅपटॉप व्हर्जनमध्ये व्हिडिओ मेमरी ८ जीबीच आहे, नव्या ५०७० मध्येपण ८ च, १२ जीबी हवी तर ५०७० टीआय घ्यावं लागतं. नुसतं नाव एक पायरी वर आहे म्हणून रिसेलर दोनतीनशे जास्त मागत असेल तर तेच पैसे स्क्रीनमध्ये घाला. मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन थेट ग्राफिक्स कार्डाला जोडणारा स्विच, आहे का तेही विचारून घ्या, नसेल तर प्रत्येक फ्रेम इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून फिरून येते.

"तीन वर्षं वॉरंटी" हे तीन शब्द वाचून खूश होणं

तीन वर्षं कशाची? बऱ्याचदा लेबर तीन वर्षं, पार्ट्स एकच वर्ष, आणि घरून फुकट पिकअप फक्त पहिला महिना, असं असतं. म्हणजे दुसऱ्या वर्षी मदरबोर्ड गेला तर ते फुकटात बदलून देतील, फक्त मदरबोर्डचे पैसे तुम्ही द्यायचे. हसू नका, पॉलिसीत खरंच तसं लिहिलेलं असतं, फक्त खाली बारीक अक्षरात.

आणि वॉरंटी रिसेलरची असते, क्लेव्होची नाही. क्लेव्हो ग्राहकाशी बोलतच नाही. दुकान बंद पडलं की वॉरंटीपण त्याच्याबरोबर गेली, आणि या धंद्यात छोटी दुकानं बंद पडत असतात. युरोपात विकणाऱ्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते ती पण विकणारा जागेवर असेल तरच कामाची. अमेरिकेत एक बरं आहे, मॅग्नसन-मॉस नावाचा १९७५ चा कायदा आहे, त्यामुळे तुम्ही नुसतं झाकण उघडून रॅम टाकली म्हणून वॉरंटी रद्द असं म्हणता येत नाही, आणि २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने काही कंपन्यांना असल्या अटींवरून पत्रंही पाठवली होती. तरी स्क्रू ड्रायव्हर घसरून बोर्डावर ओरखडा आला तर तो मात्र तुमचाच.

परतीचं पण तसंच. अमेरिकेत कस्टम ऑर्डर परत घ्यायची की नाही हे दुकानावर, घेतली तर १५ टक्क्यांसारखी रिस्टॉकिंग फी (माल परत ठेवून घ्यायचा आकार) कापून. जर्मनीत उलट आहे. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला १४ दिवस परत करायचा हक्क असतो आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच सांगून ठेवलंय की स्टँडर्ड पार्ट्स निवडून जोडलेला नोटबुक हा काही खास मापाने शिवलेला माल नाही, सहज सुटा करता येतो, म्हणून तो परत करता येतो. तर तिकडचा रिसेलर "कस्टम आहे, रिटर्न नाही" म्हणाला तर लगेच मान डोलवू नका.

बँक ट्रान्सफरचा डिस्काउंट

"वायरने पैसे पाठवले तर तीन टक्के कमी." मोह होतोच. पण क्रेडिट कार्डवर चार्जबॅक करता येतो, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागता येतात, वायर गेली की गेली. इंग्लंडात तर १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूला सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीच विकणाऱ्याबरोबर जबाबदार असते. ते संरक्षण तीन टक्क्यांना विकू नका. बिल्ड टाइम सहा आठवडे सांगून तीन महिने लावणारे लोक आहेत, तेव्हा हेच कार्ड कामाला येतं.

बायोस कोण देणार, हा प्रश्नच न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि कुणीच विचारत नाही. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम. डेल-आसुसचा बायोस त्यांच्या साइटवरून उतरवता येतो. इथे तो क्लेव्होकडून रिसेलरकडे येतो आणि रिसेलर देईल तेव्हा तुम्हाला मिळतो. काही रिसेलर डाउनलोड पेजवर रीतसर ठेवतात, एक्सएमजीसारखे तर बदल काय झाले तेही लिहितात, आणि काही जण तिकीट टाकल्याशिवाय फाइल दाखवत नाहीत. मग पोरं काय करतात, दुसऱ्या देशातल्या रिसेलरचा बायोस उचलून टाकतात, बॉडी तीच आहे ना म्हणून. पंख्यांचे स्पीड, कीबोर्डचे लाइट, पॉवर लिमिट हे सगळं बायोसबरोबर येणाऱ्या कंट्रोलर फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या छोट्या चिपच्या प्रोग्रॅममध्ये) असतं आणि ते रिसेलरप्रमाणे बदलू शकतं, चुकीचं पडलं तर पंखे वेडे होतात नाहीतर मशीन चालूच होत नाही. वॉरंटीवाला मग हात वर करतो आणि तेव्हा त्याचं चूकपण म्हणता येत नाही.

म्हणून ऑर्डरच्या आधी एक रटाळ ईमेल पाठवा: या मॉडेलचं मूळ क्लेव्हो किंवा टाँगफाँग नाव काय, जीपीयू किती वॅट, स्क्रीनचा पॅनेल नंबर काय, बॅटरी किती वॅट-अवर, बायोस अपडेट कुठे मिळतात, डेड पिक्सेल किती असले तर बदलून देता. दोन दिवसांत नीट उत्तर आलं तर माणूस बरा. मूळ मॉडेल नंबर सांगायला जो कां कूं करतो त्याच्याकडे पुढे बॅटरी आणि पंखा मागायला जायचंय हे लक्षात ठेवा, कारण सुटे पार्ट्स त्याच नंबरने मिळतात.

एक्स्ट्रा सर्व्हिसेसबद्दल थोडक्यात: ओव्हरक्लॉकिंगचे (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचे) पैसे देऊ नका. पेस्टऐवजी लावतात ते लिक्विड मेटल पण नको, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि वीज वाहून नेतं, बॅगेत आपटत इकडेतिकडे जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो धोका कशाला. पेस्टच्या जागी हनीवेलचं पीटीएम७९५० पॅड लावून देत असतील तर ते मात्र घ्या.

मशीन आल्यावर

बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि परतीची मुदत संपायच्या आत सगळ्या टेस्ट उरका, आधी गेम्स नाही. सिनेबेंच (प्रोसेसरची टेस्ट) आणि एखादी थ्रीडी स्ट्रेस टेस्ट लावून बाजूला एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा.

एफपीएस कमी येत असतील तर आधी परफॉर्मन्स मोड चालू आहे का आणि डिस्प्ले हायब्रिडवर (इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून जाणाऱ्या मोडवर) तर नाही ना हे बघा, मग लोडवर जीपीयू किती वॅट खातंय तो आकडा रिसेलरच्या ईमेलशी जुळवा. प्रोसेसर ९५ डिग्रीच्या आसपास गेला म्हणून घाबरू नका, आजकालचे गेमिंग प्रोसेसर तिथवर जाऊनच थांबतात, पण एखादा कोर बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस डिग्री जास्त दाखवत असेल तर हीटसिंक नीट बसलेला नाही, स्क्रीनशॉट काढून तिकीट टाका. अधूनमधून ब्लू स्क्रीन येत असेल तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, मग एकेक स्टिक काढून बघा. आवाज चरचरत असेल तर लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर अडवतोय ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बघा, बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर निघतो. एसएसडी नवीनच दिली की वापरलेली, ते क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स बघून कळतं.

इकडे भारतात आणणार असाल तर

१८ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो. कुरियरने मागवला तर एका लॅपटॉपला इम्पोर्ट लायसन्स लागत नाही पण टॅक्स भरावा लागतो, तो धरून हिशोब करा म्हणजे "तिकडे स्वस्त" बहुतेक वेळा गळून पडतं. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी चालते, म्हणूनच मोठ्या लॅपटॉपवर ९९ चा आकडा दिसतो. मशीन हातातल्या बॅगेत ठेवा.

भारतात या वॉरंटीचा उपयोग शून्य धरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सफाई, पेस्ट, कीबोर्ड बदलणं होऊन जाईल, मदरबोर्ड मात्र परत पाठवावा लागतो आणि जाण्यायेण्याचा खर्च, वर कस्टम्सची (सीमाशुल्काची) कटकट. अॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना बघा, मग कन्व्हर्टर पिन लावत बसू नका, इथली थ्री-पिनची डेस्कटॉपवाली केबल घ्या, बहुतेक अॅडॉप्टरला तीच बसते. आणि मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लॅपटॉप बिघडला म्हणून रिसेलरला ईमेल करण्याआधी घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनला बघायला सांगा.