जुनी बस पुन्हा उभी करताना या चुका टाळा

जुन्या बसचं काम अर्धवट सुटतं ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, तर पहिल्या उत्साहात सगळी गाडी एकदम खोलल्यामुळे. पुढे नटबोल्ट, पट्ट्या, काचांची रबरं आणि क्लॅम्प यांच्या ढिगात कुठला तुकडा कुठला, हेच कळेनासं होतं. माझं ठाम मत आहे की एका वेळी एकच भाग खोलावा, तो पुरा करून बसवावा आणि मगच पुढच्याला हात लावावा. खोलण्याआधी फोटो काढा, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका. गंजून चाळण झालेला तुकडाही फेकू नका, कारण नवा घडवताना माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं.

आधार न देता खांब कापणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. खांब म्हणजे बॉडीच्या सांगाड्यातले उभे आधार. आधी आपल्या बसची बांधणी ओळखा. बऱ्याच जुन्या बसना खाली चासी, म्हणजे भार पेलणारी तळाची चौकट, आणि तिच्यावर लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याची बॉडी असते. पण लंडनच्या रूटमास्टरला (पहिला नमुना १९५४) वेगळी चासीच नाही. ॲल्युमिनियमची बॉडीच भार पेलते. १९५० पासून निघालेल्या फोक्सवॅगनच्या छोट्या बसमध्येही दाराखालचे पोकळ पत्रे भार घेतात. तिथला गंजका पत्रा सरळ कापून काढला, तर गाडी मधोमध खचू शकते.

म्हणून कापण्याआधी गाडी सपाट जागेवर नीट टेकवा, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल बसवा, दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच खांब बदला आणि प्रत्येक वेळी कर्ण पुन्हा मोजा. नंतर दार घासायला लागलं, तर बिजागऱ्या ठोकत बसू नका. चूक चौकटीत आहे.

लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर दोन्ही धातू एकमेकांना थेट टेकू देऊ नका. ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि रिबिटांभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. मधे प्राइमर आणि इन्सुलेशनची पट्टी हवीच. भुकटीवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, तर तो फुगून वर येतो. कोपऱ्यांचे गोलाईदार पत्रे कारागिरांनी हातांनी ठोकून वळवलेले असतात. ते जितके वाचतील तितके वाचवा. सँडब्लास्टिंगच्या जोराने पातळ पत्रा वाकतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका.

आधी सेल्फ मारून पाहणे

अनेक वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला सेल्फ मारणं किंवा गाडी ओढून ते फिरवणं म्हणजे अडकलेल्या पिस्टनवर घाव घालणं. डिझेल फवारणारे नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग हाताने फिरवा.

डिझेल इंजिनाचा याहून मोठा धोका फ्युएल पंपात असतो. जुनं डिझेल चिकट होऊन पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दांडी, जागच्या जागी अडकते. मग इंजिन सुरू झालं की वेग वाढतच जातो, आणि चावी किंवा स्टॉपची दोरी काही करू शकत नाही. म्हणून सुरू करण्याआधी पंपाची बाजूची झाकणी उघडून रॅक सहज सरकते का ते पाहा. पहिल्या वेळी इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा असलाच पाहिजे, म्हणजे हवा बंद करून इंजिन थांबवता येईल. तिथे हात लावायचा नाही.

ब्रेक आणि चाकं

जुन्या ब्रेक लायनरमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. ओली करून पुसा, मास्क लावा. ऑइल ब्रेक असलेल्या बसमध्ये पेडल सोडल्यावरही एखादं चाक धरून राहत असेल, तर लोक आधी व्हील सिलिंडर बदलतात. पण ब्रेकच्या तेलाचा जुना रबरी पाइप आतून फुगला असेल, तरी तेल मागे परतत नाही. पाइप बाहेरून धड दिसला तरी बदला.

जुन्या रिम अनेकदा दोन-तीन तुकड्यांच्या असतात. व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडल्याशिवाय नटाला पाना लावू नका, आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. रिमची सुटी रिंग उडून माणसं दगावली आहेत. टायरची नक्षी पाहून फसू नका. कडेवरचे चार आकडे वाचा: ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालाच्या आधीचा. त्यावर रस्त्यावर जायचं नाही.

रंगानंतर उद्भवणारे दोष

नवीन वायरिंग करूनही दिवे मंद जळत असतील, तर आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीची चासीशी असलेली जोडणी, पाहा. चासी छान रंगवून झाल्यावर अर्थची पट्टी त्या रंगावरच कसली जाते. बोल्टखालची जागा धातूपर्यंत घासा, पट्टी कसा, मग वरून ग्रीस लावा. पट्टी धड असेल, तरच डायनामोकडे वळा.

पहिल्या फेरीत इंजिन थोडा वेळ चालून बंद पडलं आणि थांबल्यावर पुन्हा सुरू झालं, तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. तेवढ्याने इंजिन चालत राहिलं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे. तरीही बंद पडलं, तर टाकीच्या तळाचा गाळ नळीच्या तोंडाशी येतोय. टाकी उतरवून धुवा. टाकी आणि पंपामधल्या जोडांतून हवा ओढली जाते का, तेही त्याच वेळी तपासा.